शेजाऱ्यांचा तलाव

परदेशाहून परतलेला मनुष्य बहुधा उंच इमारती, रुंद रस्ते आणि मोठमोठे धबधबे यांचीं वर्णनें करितो. आम्हीही नायगारा पाहिला आणि वॉशिंग्टनचा गगनचुंबी स्मृतिस्तंभही पाहिला. परंतु त्यांविषयीं इतक्या जणांनीं इतकें लिहून ठेविलें आहे कीं, त्याची पुनरुक्ति करून वाचकांस शिणविण्याची आमची इच्छा नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें पंचवीस मीटर लांबीच्या एका तलावाविषयीं. कोणत्याही प्रवासवर्णनांत त्याचें नांव सांपडावयाचें नाहीं. तथापि अमेरिकेंतील शेजार म्हणजे काय वस्तु आहे हें आम्हांस जें थोडेंबहुत कळलें, तें त्याच्याच कांठीं बसून कळलें.

वॉशिंग्टन शहराहून पोटोमॅक नदी ओलांडून नैर्ऋत्येस थोडें पुढें गेलें म्हणजे व्हर्जिनिया राज्यांतील फेअरफॅक्स परगणा लागतो. आमचे चिरंजीव तेथें नोकरीनिमित्त राहतात. त्यांजकडे आम्ही व आमचें कुटुंब मे महिन्यापासून चार महिने मुक्कामास होतों. ओक आणि मेपल यांची दाट झाडी, तींत सुटीं सुटीं घरें आणि प्रत्येक घरापुढें कातरलेली हिरवळ, असा तो प्रदेश. दृष्टीस गोड खरा. पण वाड्यांत आणि आळींत जन्म काढलेल्या माणसाच्या तेथील शांतता पहिल्या आठवड्यांत अंगावर येते. सकाळीं मोटारी जातात, संध्याकाळीं मोटारी येतात. मधल्या वेळांत टपालवाला आणि खारी यांखेरीज कोणी दृष्टीस पडत नाहीं. पलीकडच्या घरांत कोण राहतें हें आमच्या सूनबाईंस तेथें येऊन दीड वर्ष झालें तरी नीटसें ठाऊक नव्हतें. मग हीं माणसें एकमेकांस भेटतात तरी कोठें, असा प्रश्न आम्हांस पडला. त्याचें उत्तर त्या तलावानें दिलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर वॉशिंग्टनच्या आसपास नव्या वस्त्या झपाट्यानें वाढल्या, तेव्हां ठिकठिकाणच्या रहिवाशांनीं एकत्र येऊन भाग काढले, जमिनी घेतल्या आणि पोहण्याचे तलाव बांधले. असे तलाव सरकारचे नव्हेत कीं कोणा एका धनिकाचेही नव्हेत. वर्गणी भरणाऱ्या कुटुंबांचे ते सामाईक असतात. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारीं तेथें युद्धांत कामास आलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन पाळतात. त्या सुट्टीस तलाव उघडावयाचा आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारीं, कामगारदिनानंतर, मिटावयाचा, असा सामान्य परिपाठ आहे. प्रत्येक तलावाचा मुलांचा एक संघ असतो. या संघांच्या सामन्यांसाठीं १९५६ सालीं 'नॉर्दर्न व्हर्जिनिया स्विमिंग लीग' नांवाची संस्था निघाली; आज सुमारें शंभर तलाव तिच्यांत सामील आहेत. सहा सहा तलावांचा एक गट करून प्रत्येकाचा इतर पांचांशीं एकेक सामना, असे जून-जुलईचे पांच शनिवार ठरलेले असतात. मुलांचे वयाप्रमाणें पांच वर्ग. सर्वांत लहान आठ वर्षांचीं व त्यांखालचीं, सर्वांत थोरलीं पंधरा ते अठरा वर्षांचीं. पोहण्याचे प्रकार चार: हातांमागून हात टाकीत सरळ पोहणें, उताणें पोहणें, बेडकाप्रमाणें पाय फांकून पोहणें, आणि चौथा फुलपाखराचा, ज्यांत दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढें फेंकावे लागतात. पहिल्या क्रमांकास पांच गुण, दुसऱ्यास तीन, तिसऱ्यास एक.

संघांत नांव नोंदविण्यास मोठी परीक्षा नसते. आमच्या तलावावर तरी एवढेंच पाहिलें कीं, दोरास न धरतां मूल या टोकापासून त्या टोकापर्यंत जातें कीं नाहीं. आमची नात नऊ वर्षांची. तिच्या आईनें तिचें नांव घातलें तें पोहण्याच्या हौसेनें नव्हे, तर शाळा सुटल्यावर पोरीस कोणी सोबत मिळावी म्हणून. घरच्या मंडळींचा या बेतास विरोध होता. मेअखेरचें गार पाणी, त्यांत पोरीचा सर्दीचा कोठा. शिवाय विहिरींत गटांगळ्या खाणारीं मुलें त्यांनीं लहानपणीं पाहिलेलीं. आम्हांस मात्र वाईस कृष्णेच्या घाटावर पाठीस वाळका भोपळा बांधून पोहावयास शिकलेले आमचे सवंगडी आठवले, आणि आम्ही सूनबाईंच्या पक्षास मिळालों.

पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशीं संघाचें सहभोजन असतें. तेथें जाड शेवयांसारखा पास्ता भरपूर वाढतात, कारण पोहणाऱ्यास बळ हवें. तेथून परत आल्यावर नात आमच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, मी शेवटची आले तर?"

आम्ही म्हणालों, "सहा जणी पोहणार म्हणजे शेवटची कोणीतरी येणारच, बाळ."

"हो, पण ती मीच कां?"

चाळीस वर्षें वर्गांत उभें राहून उत्तरें देण्याचा व्यवसाय केला. पण या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

शनिवारच्या सामन्यांत प्रत्येक संघाचे निवडक तिघेच उतरतात. उरलेल्यांसाठीं आठवड्यांतील एका संध्याकाळीं निराळा सामना असतो, आणि त्यांत नवशिक्यांस वाव मिळतो. आमच्या नातीचा पहिला सामना असाच सायंकाळचा होता. मुलांच्या दंडांवर काळ्या शाईनें आंकडे लिहिलेले होते: कितवी शर्यत, कितवी फेरी, कितवी पट्टी. नातीच्या दंडावर शेवटचा आंकडा सहा होता. तिच्या शेजारीं संघांतील एक सोळा वर्षांची मुलगी उभी होती. थोरल्या मुलींनीं एकेका धाकटीस संभाळावयाचें, अशी तेथें रीत आहे. शिटी वाजली, सूचना झाली, आणि सहा जणींनीं उड्या टाकल्या. पाऊण अंतर होईतों बाकीच्या पांच जणी पुष्कळ पुढें गेल्या. नात मध्यें एकदां थांबली, दोरास हात लावावा कीं काय अशा विचारांत क्षणभर राहिली, आणि पुन्हां हात मारूं लागली. पांचही जणी पोहून झाल्यावर ती एकटीच पाण्यांत होती, तेव्हां दोन्ही कांठांवरचे लोक उभे राहून टाळ्या वाजवूं लागले. विरुद्ध संघाचे लोकही त्यांत होते. शेवटच्या मुलास अशा टाळ्या देणें ही तेथील नित्याची चाल आहे, हें आम्हांस मागाहून कळलें. पन्नास मीटरांस तिला एक मिनिट एकवीस सेकंद लागले. बाहेर येतांच त्या थोरल्या मुलीनें तिला क्रमांक विचारला नाहीं, वेळ विचारली. पुढच्या सामन्यांत हा आंकडा कमी करावयाचा, एवढेंच तिनें सांगितलें. जुलईअखेर तो एक मिनिट सहा सेकंदांवर आला होता. क्रमांक तेव्हांही पांचवाच होता.

या सामन्यांचें सर्व काम आईबाप करितात. प्रत्येक पट्टीच्या टोकास घड्याळें धरून दोघे-तिघे उभे असतात. कोणी कागद वाहतो, कोणी गुणांची बेरीज करितो, कोणी लहान मुलांस रांगेंत बसवितो. आमच्या चिरंजीवांस घड्याळ मिळालें आणि त्यांच्या जोडीस एक व्हिएतनामी औषधविक्रेते व एक निवृत्त सैनिक आले. तीन शनिवारांत चिरंजीवांस वस्तींतील जितकीं माणसें ओळखूं लागलीं, तितकीं त्यापूर्वीं दीड वर्षांत ओळखत नव्हतीं. पैलतीरीं मेरीलंड राज्यांतही असेच उन्हाळी संघ आहेत. केटी लेडेकी ही मुलगी तेथील पॅलिसेड्स नांवाच्या तलावाच्या संघांत सहाव्या वर्षीं दाखल झाली आणि २०१२ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत पंधराव्या वर्षीं सुवर्णपदक मिळवून आली. परंतु हे तलाव ऑलिंपिकसाठीं खणलेले नाहींत. बहुतेक मुलें पुढें पोहणें सोडतात. शेजार मात्र राहतो.

कडेनें फिरणारे पंच हे या सर्वांत आम्हांस अधिक पाहण्यासारखे वाटले. बेडकी पोहण्यांत भिंतीस दोन्ही हात एकदम टेकले पाहिजेत. आमच्या नातीनें एका सामन्यांत एकच हात टेकला. लगेच पंचाचा हात वर गेला आणि तिची शर्यत बाद झाली. पंच म्हणजे आमच्याच गल्लींतील एक बाई होत्या. त्यांची मुलगी नातीबरोबर खेळावयास येत असे. त्यांनीं नातीस जवळ बोलावून तिचें काय चुकलें तें हातांनीं करून दाखविलें. नात रडली नाहीं. पुढील सामन्यांत त्या बाईंची स्वतःची मुलगी त्याच चुकीसाठीं बाद झाली. मूल कोणाचें, हा प्रश्न त्या कांठावर कोणी विचारीत नाहीं. हात दोन टेकले कीं एक, एवढेंच पाहतात.

हें पाहून मन प्रसन्न झालें. परंतु सार्वजनिक ग्रंथालयांत त्या प्रांताचा इतिहास चाळीत असतां दुसरी बाजूही दृष्टीस पडली. तलावाच्या कांठावरचा नियम असा निर्मळ असला, तरी तलावाच्या फाटकावरचा नियम नेहमींच तसा नव्हता. याच फेअरफॅक्स परगण्यांत 'लिटल हंटिंग पार्क' नांवाचें एक उद्यान व तलाव आहे. पॉल सलिव्हन नांवाच्या गृहस्थांचीं त्या वस्तींत दोन घरें होतीं. त्यांतील एक त्यांनीं १९६५ सालीं टी. आर. फ्रीमन यांस भाड्यानें दिलें आणि घराबरोबरचा तलावाचा भागही त्यांच्या नांवें केला. फ्रीमन हे कृष्णवर्णी, म्हणून व्यवस्थापक मंडळानें तो भाग मान्य केला नाहीं. सलिव्हन यांनीं या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला, तेव्हां मंडळानें त्यांनाच सभासदत्वावरून काढून टाकलें. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मालमत्तेच्या व्यवहारांत गोऱ्याकाळ्यांस सारखे हक्क देणारा १८६६ सालचा कायदा येथें लागू आहे, असा निकाल १९६९ च्या डिसेंबरांत लागला. मेरीलंडांतील 'व्हीटन-हेव्हन' या तलावाविरुद्ध असाच निकाल १९७३ सालीं मिळाला. पाऊण मैलाच्या परिघांतील रहिवासी तेथें सभासद होऊं शकत, परंतु त्या परिघांत घर घेतलेल्या एका कृष्णवर्णी कुटुंबास मात्र मज्जाव झाला होता.

याचा अर्थ असा कीं, ज्या उन्हाळ्यांत या तलावांच्या कांठावर पंच दोन हात मोजीत होते, त्याच उन्हाळ्यांत कांहीं फाटकांवर मुलांचा रंग पाहिला जात होता. आंतला न्याय कितीही चोख असो, फाटकाबाहेर ठेवलेल्या मुलास त्याचा उपयोग काय? त्यास बाद होण्याचीही संधि नाहीं! आमची नात आज शेवटची येऊं शकते, एका हातासाठीं बाद होऊं शकते, टाळ्या घेऊं शकते. हें सर्व तिला कोणाच्या तरी भांडणामुळें मिळालें आहे. सलिव्हन यांस स्वतःस तलावाचा तोटा नव्हता. तो त्यांनीं दुसऱ्यासाठीं पत्करला.

हें वाचून अमेरिकनांस नांवें ठेवणें सोपें आहे. आमच्या मनांत मात्र त्या रात्रीं पोटोमॅक नव्हती, महाड होतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारों अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी प्याले. नगरपालिकेनें तें तळें सर्वांस मोकळें केल्यास तेव्हां तीन वर्षें होऊन गेलीं होतीं. तरी त्यांजवर मार बसला, आणि पुढें तळें पंचगव्यानें 'शुद्ध' करण्यांत आलें. न्यायालयांतील झगडा १९३७ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत संपला. ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें, त्या आमच्यासारख्यांच्या पूर्वजांपैकीं पुष्कळजण त्या वेळीं कोणत्या कांठावर उभे होते, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. तीर्थ हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ तरणें, पार जाणें असा आहे. पाण्यांत उतरूं न देणारें तीर्थ ही व्याकरणदृष्ट्याही विसंगतीच होय.

आज पुण्यामुंबईकडच्या नव्या गृहसंकुलांत निळ्या फरशांचे तलाव झाले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांत मुलांचे संघ काढावे, शेजारच्या संकुलाशीं सामने भरवावे, घड्याळें वडिलांच्या हातीं द्यावीं, असें आम्ही आग्रहानें सुचवितों. फ्लॅटचीं दारें बंद करून राहणाऱ्यांस एकमेकांचीं नांवें कळण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाहीं. परंतु संघ काढतांना व्यवस्थापक मंडळानें एक प्रश्न अवश्य विचारावा: रखवालदाराच्या मुलास आणि धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईंच्या मुलीस या पाण्यांत उतरतां येतें काय? नियमांची वही उघडून पाहावी. उत्तर 'नाहीं' असें आलें, तर उन्हाळा सुरू होण्यापूर्वीं तो नियम खोडावा, आणि सहावी पट्टी त्या मुलांसाठीं मोकळी ठेवावी.