गंधाराचें आंदोलन

मुलुंडास आमच्या बिऱ्हाडीं दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यांत आमची पेटी आहे व दुसऱ्यांत नातवाचा संगणक. मधल्या चार हातांत गेलें वर्षभर वाद चालला होता. आमचें म्हणणें एवढेंच, कीं पट्ट्यांच्या वाद्यांतून मींड निघत नाहीं. दोन सुरांमधली जागा तेथें नाहींच. या व अशा दोषांपायीं ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली, ती तीन दशकें टिकली. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं क्लेमेंट्स साहेबांसमवेत २२ श्रुतींची पेटी सिद्ध केली. तिच्यांतहि श्रुति वाढल्या, मींड आली नाहीं. मग संगणकाची काय कथा!

"आजोबा, ऐका तरी," म्हणून नातवानें एके दिवशीं दरबारी कानडा लाविला. खालीं षड्ज निश्चल, आणि वर कोमल गंधार पट्टीहून किंचित् उतरून सावकाश झुलत होता. आम्ही सावरून बसलों.

युक्ति अशी. वाद्यें व संगणक यांनीं एकमेकांशीं बोलावें म्हणून १९८३ सालीं मिडी नांवाची संकेतपद्धति निघाली. तींत सूर वांकविण्याची आज्ञा दिली, कीं त्या चॅनेलवरचे सगळेच सूर वांकत. वर्गांत एकास 'ऊठ' म्हणावें आणि साऱ्या बाकांनीं उभें राहावें, तसा प्रकार! २०१८ सालीं एम. पी. ई. ही रीत मान्य झाली. तींत प्रत्येक सुरास स्वतंत्र चॅनेल. आतां गंधार हलला तरी षड्ज ढळत नाहीं, आणि त्या हलण्याची रेघ पडद्यावर हवी तशी ओढतां येते, पुसतांहि येते.

सहजीं हार मानणें हा मास्तरकीचा धर्म नव्हे. आम्हीं म्हटलें, "ही रेघ तूं डोळ्यांनीं काढलीस. गंधार कानानें लागतो. थांब, आम्ही गातों, त्यावरून काढ." शाळेच्या प्रार्थनेस तीस वर्षें पेटीबरोबर लाविलेला हा गळा! डोळे मिटून आम्हीं दरबारींतला गंधार लाविला. नातवानें तो ध्वनिमुद्रित करून त्याची रेघ पडद्यावर आणली.

रेघ सरळ होती. पट्टीसारखी सरळ, आणि पेटीच्या पट्टीच्याच उंचीवर. पोर कांहीं बोललें नाहीं. सूनबाईंनीं आंतून चहा आणला, तो आम्हीं निमूट घेतला.

दुसरे दिवशीं पहांटे पेटी झांकलेलीच राहूं दिली. नातवास उठवून म्हटलें, "तुझा तो षड्ज तेवढा लावून दे. गंधार आम्ही पाहतों."