वाळूवरचा साष्टांग

सँडरलिंगचा डोळा वाळूपासून वीतभरही उंच नसतो. फोटोत तो डोळा जिवंत उतरायला हवा असेल तर कॅमेरा तितकाच खाली न्यावा लागतो, आणि अर्थात कॅमेऱ्यामागचा माणूसही. उभ्याने टिपला तर पक्षी वाळूच्या रंगात हरवतो. पोटावर पडून पाहिलं की त्याच्या पाठीशी अख्खा समुद्र येऊन उभा राहतो. अक्षीच्या किनाऱ्यावर, पौषातल्या गार ओल्या वाळूत कोपरं रोवून मी पालथा झालो, तेव्हा देवळापुढे लोटांगण घालणारी माणसं आठवली. इतक्या मनापासून साष्टांग मी गाभाऱ्यासमोरही कधी घातला नव्हता.

अलिबागच्या दक्षिणेला, सुरूच्या बनापलीकडे हा किनारा पसरला आहे. ओहोटीला पाणी इतकं मागे सरतं की समुद्र नुसता ऐकू येतो. मागे उरते सपाट, घट्ट वाळू आणि तिच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा. त्यात आभाळ पडलेलं. हिवाळ्यात इथे कुरवांचे आणि सुरयांचे थवे उतरतात, लाल चोचीचा काळा-पांढरा कालवफोड्या दिसतो आणि चिखल्या तर पावलोपावली. नवख्याचे डोळे आधी कुरवांवर जातात, कारण ते मोठे आणि धीट. पण त्यांचं पांढरं पोट कॅमेऱ्याला चकवतं. भोवतालच्या करड्या वाळूवरून यंत्र प्रकाशाचा अंदाज बांधतं आणि पिसं जळून कोरी होतात. एक्स्पोजर थोडं उतरवलं की त्या कोऱ्या पांढऱ्यातून एकेक पीस वर येतं.

चिखल्या आणि सँडरलिंग शेजारी शेजारी चरतात, पण त्यांची तऱ्हा वेगळी. चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो. चार पावलं धावतो, थबकतो, मान तिरकी करून पाहतो, टोचतो, पुन्हा धावतो. तो थबकतो तो क्षण फोटोवाल्याचा. सँडरलिंग मात्र थांबेल तर शपथ! लाट मागे फिरली की तिच्या मागोमाग पळायचं, ओल्या वाळूत चोच खुपसून बारीकसारीक जीव वेचायचे आणि पुढची लाट अंगावर यायच्या आत उलट पळायचं. पाय इतके भराभर चालतात की शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवावं तेव्हा कुठे बोटं दिसतात. बोटंही तीनच, बहुतेक किनारपक्ष्यांना असतं तसं मागचं बोट त्याला नाही. लाट पुसून टाकायच्या आत ठसे नीट पाहिले तर तीन रेघांची ओळ दिसते, टाच नसलेली.

एवढ्याशा पक्ष्याचं वजन हिवाळ्यात पन्नास-साठ ग्रॅम. जन्म उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या टुंड्रातला. माझ्या भिंगासमोरून लाटेला हुलकावणी देत पळणारा हा जीव तिथून इथवर स्वतःच्या पंखांवर आला आहे, हे ठाऊक असताना त्याच्या मागे धावायची मला तरी लाज वाटते. धावून उपयोगही नसतो. माणूस जवळ आला की थवा उठतो, शंभर पावलांवर बसतो, पुन्हा उठतो. त्या प्रत्येक उड्डाणात त्याने दिवसभर वेचलेलं खाणं जळतं. वाळूवरून सुसाट गाड्या घालणाऱ्यांना आणि पक्षी उडावेत म्हणून टाळ्या पिटणाऱ्या हौशी फोटोवाल्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

मला सांगितलं ते तिसऱ्या काढायला आलेल्या एका कोळी मावशींनी. लुगड्याचा काष्टा आवळून, वाळू उकरत त्या माझ्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, “कशाला सरपटतोस रं? पानी चढू दे. पाखरं आपसूक येतील तुझ्याकडं.”

खरोखर तसंच असतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा हिशेब कोकणात पूर्वापार चालत आलेला. त्या दिवशी वद्य द्वितीया होती, म्हणजे भरती दुपारी दीडला आणि तळाची ओहोटी सूर्योदयाच्या सुमारास. पुढे ऊन आणि पाणी दोन्ही बरोबरीने चढणार. आपला किनारा पश्चिमाभिमुख, त्यामुळे सकाळचं ऊन फोटोवाल्याच्या पाठीवरून थेट पक्ष्याच्या तोंडावर पडतं. चरायची जागा पाण्याखाली जाते तसतसे पक्षी हात हात मागे सरत वाळूच्या उरल्यासुरल्या पट्ट्यावर येतात. तिथे कोणी निजल्यासारखं पडून असेल तर त्याला ते ओंडका समजत असावेत. इथून थोडं उत्तरेला, किहीमला, सलीम अलींनी १९३० मध्ये सुगरणींच्या घरट्यांजवळ तासन्‌तास ठाण मांडून त्यांचा संसार उलगडला होता. त्यांच्या त्या बैठकीपुढे माझं पडून राहणं म्हणजे काहीच नाही.

नऊच्या सुमाराला एक सँडरलिंग इतका जवळ आला की लेन्सला त्याच्यावर फोकस धरता येईना. मी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. त्याच्या काळ्या चोचीच्या टोकावर वाळूचा एक कण चिकटलेला होता. तो त्याने पाण्यात चोच हलवून धुतला आणि पुन्हा कामाला लागला. याचा फोटो नाही.

बाकीचे आहेत. बरेचसे धूसर, काहींत नुसती शेपटी, एकात चिखल्या पुरता स्वच्छ, डोळ्यात सूर्याचा ठिपका घेऊन उभा. तो तिबेट-लडाखच्या पठाराकडचा. हिवाळ्यात मातकट दिसणाऱ्या या पक्ष्याच्या छातीवर परतीच्या आधी विटकरी रंग चढू लागतो. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा वद्य द्वितीयाच आहे, भरती पुन्हा दीडलाच. शिमग्याला कोकणात यायला आणखी एक निमित्त मिळालं.