पायाला लागलेलं पिवळं

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये मी एक आग्या मोहोळ मारलं. औषध फवारणारे दुसरे होते, पण त्यांना बोलावलं मी. व्हाउचरवर सही माझी. तेव्हा मी आमच्या पुण्यातल्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो.

मोहोळ चौथ्या मजल्याच्या सज्जाखाली होतं. कुणालाही एक माशी चावलेली नव्हती. “उद्या एखाद्या लेकराला काही झालं तर जबाबदार कोण?” हा प्रश्न सभेत मीच टाकला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी जिला जबाबदारी म्हणत होतो ती माझी भीती होती, शाळेच्या सहलीपासून जपलेली. गडावर कुणीतरी मोहोळाला दगड मारला आणि आम्ही डोक्यावर हात धरून पळत सुटलो. चुलतभावाचे डोळे सुजून बंद झाले. घरी आईनं त्याच्या तोंडावर सुरीचं पातं घासलेलं अजून आठवतं. दगड आमच्यातल्याच एकानं मारला होता, हे मात्र मी सोयीनं विसरलो. लक्षात ठेवल्या त्या माश्या.

पुण्यात १९६२पासून मधमाश्यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. मी याच शहरात वाढलो आणि तिथे एक फोन करावा असं मला सुचलं नाही. आग्या माश्या ऋतूनुसार जागा बदलतात, बहर सरला की मोहोळ आपणहून उठतं, हे कुणीही सांगितलं असतं. मी विचारलंच नाही.

फवारणी दिवस मावळताना झाली, चरायला गेलेल्या माश्या परतत असतानाच. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला उतरलो तर पार्किंगमध्ये माश्यांचा सडा पडला होता. काही अजून पाय हलवत होत्या. झाडायला येणाऱ्या मावशी खराटा टेकून उभ्या होत्या. त्यांनी एक मेलेली माशी काडीवर उचलून माझ्यासमोर धरली.

“साहेब, हिच्या पायाला पिवळं काय लागलंय?”

मागच्या दोन्ही पायांवर मोहरीएवढे दोन गोळे होते. परागकण. शाळेत ज्यावर दोन गुणांचं उत्तर लिहिलं होतं तेच. ती दिवसभराचं काम उरकून, पिल्लांसाठी खाणं घेऊन घरी आली होती आणि घरावर मी विष मारून ठेवलं होतं. मावशींना मी नीट उत्तरही दिलं नाही. “झाडून घ्या,” एवढंच म्हणालो. आज ते दोन शब्द फवारणीपेक्षा जास्त बोचतात.

वर पाहिलं. पोळं खरवडून काढलं होतं, तिथे मेणाचा तपकिरी डाग होता. त्या डागाला मूठभर माश्या बिलगून लोंबकळत होत्या. पोळं नाही, मध नाही, तरी जागा सोडत नव्हत्या. तीन दिवस मी येता-जाता मान वर करून पाहत राहिलो. चौथ्या दिवशी तिथे फक्त डाग होता.

त्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या वेलाला लाल भोपळा धरेना. बोटाएवढं फळ यायचं, पिवळं पडून गळायचं. एका मोहोळामुळे असं झालं असं मी म्हणणार नाही. पण सकाळी नर फूल खुडून मादी फुलात फिरवायला लागलो तेव्हा माशीचं काम हातानं करणं काय असतं ते कळलं. फुलं दुपारपर्यंत मिटतात. ऑफिसच्या घाईत दोन केली तरी तिसरं राहून जायचं.

मग आवाराकडे नव्यानं पाहिलं. अरेका पाम, हिरवळ, फूल यायच्या आत कातरलं जाणारं डुरांटाचं कुंपण. मातीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. कितीतरी एकट्या राहणाऱ्या माश्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात. त्यांना आम्ही वीतभर उघडी माती ठेवली नव्हती. गुलाबाच्या पानांना गोल कापे दिसले की मी ‘कीड’ म्हणून औषध मारायचो. ते तुकडे पानकापी माशी घरट्यासाठी नेते, झाडाचं काही बिघडत नाही. हे सगळं मी आवार ‘स्वच्छ, सुंदर’ ठेवायचं म्हणून केलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता.

आता मागच्या कोपऱ्यातले ब्लॉक उचलले आहेत. तिथे शेवगा, कढीपत्ता, तुळस आणि सब्जा आहे. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत नाही. वाळक्या बांबूचे तुकडे आडवे बांधलेत, त्यातल्या एकात भुंग्यानं घर केलंय.

या वर्षी आग्या मोहोळ पाण्याच्या टाकीखाली बसलं. सभेत मी पहिल्यांदा विरुद्ध बाजूनं बोललो. एका आजोबांनी विचारलं, “आणि चावल्या तर?” त्यांची नात दोन वर्षांची आहे. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, आग्या माशी खवळली तर जिवावर बेतू शकतं. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं, माश्या उजेडाकडे येतात म्हणून टाकीजवळचा दिवा रात्री बंद ठेवला, गच्चीवर धूर-फटाके नकोत असं ठरवलं. मोहोळ अजून आहे. जवळून ससाणा किंवा गांधीलमाशी गेली की त्या काळ्या पडद्यावरून लाट सरकते, पाण्यावरून वारा जावा तशी. मी जिन्याच्या खिडकीतून ते पाहत उभा राहतो.

तरी टाकीच्या बाजूनं जाताना माझा हात अजूनही आपोआप डोक्यावर जातो.