उसाच्या ट्रॉलीमागे

दोस्तांनो, सोलापूरला कधी आलात तर तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ बघाल, भुईकोट किल्ला बघाल, शेंगाची चटणी बांधून घ्याल. ते सगळं कराच. मी मात्र आज तुम्हाला इथला एक रस्ता दाखवणार आहे.

सोलापूर म्हणजे रस्त्यांचंच गाव. पुण्याचा, हैदराबादचा, विजापूरचा, तुळजापूरचा, अक्कलकोटचा, असे चहूकडून रस्ते येतात. शहरातल्या एका चौकाचं नावच 'सात रस्ता'! तिथं संध्याकाळी कडेला दहा मिनिटं उभं राहून बघा. टॉवेलचे गठ्ठे बांधलेली मोपेड, रिक्षा, एसटी, पायी जाणाऱ्या बायका, शाळेच्या सायकली, आणि या सगळ्यांच्या फटींतून सुळकन निघणाऱ्या मोटारसायकली. आमच्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा नांदतात. त्यामुळे 'सरका की' हेही चार तऱ्हांनी ऐकू येतं. तेलुगूत 'जरगंडी', कन्नडमध्ये 'सरीरी', नाहीतर सरळ 'हटो भाई'. तोंडानं म्हटलं तर माणूस हसून सरकतो. हॉर्ननं म्हटलं की तोच माणूस अडून बसतो. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय.

पण मला दाखवायचाय तो मंगळवेढ्याचा रस्ता. सोलापूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिऱ्ह्याला सीना नदी लागते, पुढे बेगमपूरला भीमा. तिथून जवळच माचणूर. सतराव्या शतकाच्या शेवटी औरंगजेबाची छावणी तिथं काही वर्षं पडली होती. मंगळवेढा म्हणजे दामाजीपंतांचं आणि चोखोबांचं गाव, आणि ज्वारीचं कोठार. भीमेवर उजनीचं धरण झालं, १९८० च्या सुमारास पाणी अडलं, कालवे आले आणि ज्वारीच्या जिल्ह्यात ऊस उभा राहिला. आज सोलापूर जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या आगेमागे त्यांची धुराडी पेटतात आणि उन्हाळा लागेपर्यंत हा ऊस रस्त्यावर असतो.

एक ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या. दोन्हींवर ऊस इतका रचलेला की तो दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर आलेला. कधीकधी वर ऊसतोड कामगारांचं बिऱ्हाडही असतं. (नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. बीडकडून असे हजारो कोयते इकडे येतात.) पुढे मोठ्या आवाजात गाणी लावलेली. हे सगळं धूड ताशी पंधरा-वीस किलोमीटरनं चालतं. दिवसा गंमत वाटते. रात्री मात्र मागचा दिवा नसला, तर ती ट्रॉली म्हणजे अंधारात उभी केलेली काळी भिंत.

आमची शाळा या रस्त्याला लागूनच आहे. चौथीच्या माझ्या वर्गात एका मुलाचे वडील उसाचा ट्रॅक्टर चालवतात, आणि एका मुलीचे वडील सोलापूरच्या एमआयडीसीतून दुसरी पाळी करून रात्री बाराला मोटारसायकलवर घरी येतात. एकदा या दोघांची चांगलीच जुंपली. ती म्हणाली, "तुमच्या ट्रॉलीला लाल दिवा नसतो. माझी आई दारात बसून राहते." तो म्हणाला, "गाडीवाले कुठूनपण घुसतात. पप्पांना दिसतच नाहीत!"

दोघांचंही खरं होतं. मग आम्ही ते करूनच बघायचं ठरवलं.

आधी मैदानात टेप लावला. ताशी साठ किलोमीटरनं जाणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे 'अरे' म्हणेपर्यंतच सतरा मीटर संपले! त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर. आम्ही सदतीस मीटरवर चुन्याची रेघ मारली. रेघ कवठाच्या झाडाच्याही पलीकडे गेली तेव्हा मुलं गप्प झाली. कारण हेडलाइट खाली केलेला असताना रस्ता नीट दिसतो तोच मुळी तीस-चाळीस मीटर. मागून येणारा माणूस बेफाम असायलाच हवा असं नाही. साठनं येणाऱ्यालाही अंधारी ट्रॉली वेळेवर दिसत नाही.

मग ट्रॅक्टर. भरलेल्या दोन ट्रॉल्यांसकट तो मैदानाशेजारी उभा करून, इंजिन बंद करून, किल्ली काढून एकेकाला चालकाच्या जागी बसवलं. मागं मुलं उभी केली. मोटारसायकलवाल्यांची मुलगी आधी चढली. मान वळवून वळवून बघितलं आणि ओरडली, "बाई, मागं नुसता ऊसच दिसतोय!" मागं सतरा मुलं हात हलवत होती. त्यातलं एकही तिला दिसलं नाही. ट्रकचंही तसंच. पुढच्या नाकाखाली, डाव्या अंगाला आणि अगदी पाठीमागे ड्रायव्हरला माणूस दिसत नाही. ओळखायची सोपी खूण आहे. तुम्हाला त्याच्या आरशात त्याचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

इथं एक गोष्ट मोठ्या आवाजात सांगते. चालत्या ट्रॉलीमागे पळून ऊस ओढू नका. गोड लागतो, माहीत आहे! पण दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जागेत कोण शिरलंय हे चालकाला कळायचा काहीच मार्ग नाही. ऊस हवा तर थांबलेल्या गाडीवाल्याकडे मागा. आजवर कोणी नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

सगळ्यात मजा आली ती चकाकत्या पट्टीची, म्हणजे रिफ्लेक्टरची. खिडक्या लावून वर्गात अंधार केला, भिंतीवर लाल पट्टी चिकटवली. बॅटरी डोळ्याजवळ धरून उजेड टाकला तर पट्टी पेटल्यासारखी दिसली. तीच बॅटरी दुसऱ्या मुलाच्या हातात देऊन त्याला कोपऱ्यात उभं केलं, तर पट्टी मंद! कारण या पट्टीत बारीक काचमणी किंवा लोलक असतात. ते उजेड इकडेतिकडे न उधळता जिथून आला तिथंच परत पाठवतात. म्हणजे बघा, पट्टी ट्रॉलीवाल्यानं लावायची आणि दिवा मोटारसायकलवाल्यानं नीट ठेवायचा. एकानं आपलं काम केलं नाही तर दुसऱ्याचं फुकट जातं. पूर्वी रात्रीच्या बैलगाडीखाली कंदील टांगलेला असायचा. तो एकट्यानंच काम करायचा. पट्टीचं तसं नाही.

दिव्यावरून आठवलं. भर दुपारी एखाद्याचा हेडलाइट लागलेला दिसला की आपण बोटं उघडमीट करून त्याला खुणावतो. तो बिचारा खाली वाकून बटण शोधतो! एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआपच लागतो. बंद करायचं बटणच नसतं. गर्दीत दुचाकी पटकन नजरेत यावी म्हणून ती सोय आहे.

पालकांनो, दोन शब्द तुमच्याशी. शाळेच्या फाटकाशी रोज दिसतं, वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट आणि टाकीवर बसलेलं पोर उघडं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट कायद्यानंच लागतं. आणि दहावी पास झाल्याबद्दल गिअरची गाडी हातात देणाऱ्यांनी लक्षात ठेवा, अठराच्या आतल्या मुलाकडून या कायद्याखाली गुन्हा घडला तर त्याच दुरुस्तीनं पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड सांगितलाय.

ट्रॅक्टरवाल्यांच्याही तक्रारी मी ऐकून घेतल्या. प्रखर दिवा तोंडावर आला की त्यांनाही क्षणभर काही दिसत नाही. डाव्या बाजूनं कुणी घुसलं तर ट्रॉली वळताना ते चाकाखाली येतं. पण पंक्चर झाल्यावर चाकामागे लावलेले धोंडे काम झाल्यावर तसेच रस्त्यात का सोडता, असं विचारलं तर सगळे जमिनीकडे बघायला लागले. अंधारात तो धोंडा मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला लागला तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगत नाही.

आमच्या वर्गातल्या त्या मुलाच्या वडिलांनी दोन्ही ट्रॉल्यांना मागे लाल पट्ट्या लावून घेतल्या. आठवड्यात त्या दिसेनाशा झाल्या. शेतातल्या काळ्या मातीचा लेप बसला होता. आता तो मुलगा रोज संध्याकाळी, वडील फडावर निघायच्या आधी, ओलं फडकं घेऊन त्या पुसतो. मागच्या ट्रॉलीची वरची पट्टी त्याच्या हाताला येत नाही. ती पुसायला तो डबा उपडा घालून त्यावर चढतो.