दीड वेढा

साडेअठरा हजार रुपये गेले, ते दुःख पचलं. पण पैसे मोजून देताना मी त्या गॅरेजवाल्याला "थँक्यू" म्हणालो, वर गाडीला टेकवून त्याचा फोटो काढला, ते अजून पचत नाही.

गाडी काँटेसा. हिंदुस्थान मोटर्सची, उत्तरपाड्याच्या कारखान्यातली. 2002 मध्ये उत्पादन बंद झालं. इसुझूचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन, लांबलचक बॉनेट, ताकद मागच्या चाकांना. लोक तिला देशी मसल कार म्हणतात. खरं तर ती इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची लेक, आणि मसल फक्त दिसण्यापुरते. पण आमच्या कुरुंद्याच्या बसस्टँडवर उभी केली की पोरं गोळा होतात. मला तेवढं बास होतं.

आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या, म्हणजे 402 मीटरच्या शर्यती बघून आलो आणि डोक्यात किडा शिरला. गाडी बसकी करायची. रस्त्यावर रुबाब पाहिजे आणि सरळ पळवताना जोरही पाहिजे, दोन्ही एकाच स्प्रिंगमधून. मागणीच अर्धवट होती, मान्य. पण ते मला गॅरेजवाल्यानं सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "होऊन जाईल, साहेब. बाहेरून जोडी मागवतो."

आठ दिवसांनी गाडी मिळाली. पुढच्या चाकांत लालभडक स्प्रिंगा, नाक दोन इंच खाली. मी खूश. जुन्या स्प्रिंगा कुठायत विचारलं, तर म्हणाला, "भंगारात गेल्या." मला वाटलं, बरं झालं, डिकीत अडगळ नको.

वसमतहून गावाकडं येताना पहिल्याच गतिरोधकावर खालून खर्रकन आवाज आला. नियमानं गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, कमानीसारखा असावा. आमच्याकडं तो डांबराचा ढिगारा असतो, त्यामुळं दोष रस्त्यालाच दिला. पण दुसरा आवाज रस्त्याचा नव्हता. जोरात ॲक्सिलरेटर दाबला, नाक उचललं, की पुढून डाव्या बाजूला "खट्ट" व्हायचं. नाक खाली आलं की पुन्हा "खट्ट". पंधरा दिवस मी तो आवाज ऐकून न ऐकल्यासारखा केला. लाल रंग इतका छान दिसत होता!

आवाज पकडला आमच्या नानांनी. नाना माझे चुलते, जुने धुरकरी, म्हणजे शर्यतीत बैलांचा छकडा हाकणारे. 2014 साली सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा ते आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते. डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून परवानगी मिळाली तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते. हळदीचा हंगाम आटोपल्यावर शंकरपटाची दाण, म्हणजे बैल पळवायची पट्टी, रिकामी पडली होती, तिथं मी गाडी पळवून दाखवत होतो. शंकरपट म्हणजे तरी दुसरं काय? सरळ रेषा, जीव तोडून पळणं आणि सेकंदांचा हिशोब. मी क्लच सोडला, मागची चाकं जाग्यावर धूळ उडवत राहिली. नाना काठी टेकत आले, नाकाकडं बघून म्हणाले, "बाबू, धुरजड झाली ही. छकडा जरा उलाळ पाहिजे, तवा निघतो. आन् तिथं काय वाजतंय?"

दोन शब्दांत त्यांनी ते सांगितलं, जे साडेअठरा हजारांत कुणी सांगितलं नव्हतं. उलाळ म्हणजे मागून जड, धुरजड म्हणजे पुढून जड. मागची चाकं ओढत असतील तर सुटताना वजन मागं जायला हवं. त्यासाठी सरळ शर्यतीच्या गाडीला पुढं मऊ, उंच स्प्रिंग लागते. ती नाक उचलू देते. रस्त्यावर वळणं घ्यायला नेमकं उलटं, बसकं आणि कडक. दोन्ही हवं असेल तर इंचभराच्या आतबाहेर तडजोड करायची आणि गप्प बसायचं.

त्याच संध्याकाळी चाक काढलं. स्प्रिंगच्या वरच्या टोकाचा रंग उडाला होता. कंपनीच्या स्प्रिंगचं टोक सफाईदार असतं. हे टोक चौकोनी, धारदार, ग्राइंडरच्या आडव्या रेघांचं. त्याच्याजवळ बोटभर जागेत निळसर झाक, म्हणजे गॅसचा जाळ दिलेला. एकदा तापवली की स्प्रिंगची ताकद मरते, तिथंच ती पुढं मोडते. नंतर दुसऱ्या काँटेसाच्या मूळ स्प्रिंगा भंगारातून मिळाल्या, शेजारी ठेवून मोजल्या. वेढे माझ्यात दीडनं कमी. तारेची जाडी व्हर्नियरवर तीच. म्हणजे बाहेरून काही आलंच नव्हतं. माझ्याच स्प्रिंगा कापल्या, रंगवल्या आणि मलाच विकल्या!

वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. आठ कामाच्या वेढ्यांतले दीड गेले तर जवळपास चौथाईनं. आणि लांबी घटल्यामुळं नाक उचललं की ती खोबणीतून सैल व्हायची. तोच तो "खट्ट". भर वेगात ती निसटली असती तर हे लिहायला दुसरं कुणी बसलं असतं.

खरं सांगायचं तर नानाही पूर्ण बरोबर नव्हते. उसाच्या वजनकाट्यावर मी पुढची-मागची चाकं वेगळी तोलली, आधी कापलेल्या आणि मग मूळ स्प्रिंगांवर. फरक पाच किलोंचाही नाही. धुळीत चाकं फिरायला धुरजडपणा लागत नाही. पण त्यांनी बघितलं ते नाकाकडं, आणि रोग नाकातच होता.

आता लोक म्हणतात, ग्राहक आयोगात जा. जातो कशाला? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं नोंदणीतल्या, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायला मनाई आहे, 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. म्हणजे तक्रार करायला गेलो तर आधी मीच उभा. हे त्या गॅरेजवाल्याला माझ्याआधी माहीत असणार. आणि तसंही 2022 च्या जुलैत गावात पुराचं पाणी शिरलं होतं, तिथं बसकी गाडी हवीच कशाला, असं मीच आता पोरांना ऐकवतो.

पण परवा नांदेडला सिग्नलवर एक बसकी गाडी शेजारी येऊन थांबली आणि हिरवा दिवा लागला तरी मी तिच्याकडंच बघत होतो. मागून हॉर्न वाजले.

तुम्हाला करायचंच असेल तर तारेची जाडी, वेढे, मोकळी लांबी आणि मिलिमीटरला किती किलो, हे चार आकडे लिहून मागा. आणि जुनी जोडी आधी डिकीत टाकून घ्या, मगच पाकिटाला हात लावा.