फेरमोजणी
उत्तर कॅरोलिनातील माउंट मिचेल राज्य उद्यानात आम्ही तंबू ठोकला, तेव्हा फर वृक्षांच्या राईत धुके उतरत होते. शिखर ६,६८४ फूट उंच. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेस याहून उंच शिखर नाही. ही उंची मोजणाऱ्या प्राध्यापक एलिशा मिचेल यांच्या मापाविषयी वाद उपस्थित झाला. तेच माप पुन्हा तपासण्यासाठी ते १८५७ मध्ये या डोंगरात आले आणि धबधब्याच्या कड्यावरून कोसळून मृत्यू पावले. त्यांची समाधी शिखरावरच आहे.

रात्रभर वाऱ्याने तंबूचे कापड फडफडत होते. मला भूमापक वडील आठवले. निवृत्तीनंतरही, स्वतः मोजलेल्या एका बांधाविषयीची शंका त्यांना झोपू देत नसे. मी हसत असे. पहाटे समाधीपाशी उभा राहिलो, तेव्हा त्या हसण्याची लाज वाटली.