अंजलीपुरते आपले

कोलकात्याची दुर्गापूजा परक्याला दारात अडवत नाही, तरीही परकेपण सगळ्यात जास्त बोचते ते याच दिवसांत. अष्टमीला मंडपात कुणीही उभे राहावे. फुलांची परडी हातोहात पुढे सरकते, ओंजळीत चार पाकळ्या पडतात, पुरोहितामागून मंत्र म्हणायचा. जात-गाव कुणी विचारत नाही. मग मराठी माणसाला चुटपुट कसली? रीतीभाती वेगळ्या, हे सोपे उत्तर. त्याच्या घरी घट बसलेला, साबुदाणा भिजलेला. रस्त्यावर एगरोलचे तवे चरचरतात आणि नवमीला मटणाचा बेत ठरलेला असतो. पण उपवास न धरणाऱ्यालाही ती चुटपुट लागतेच. तिचे मूळ जेवणात नाही, कामाच्या वाटणीत आहे. भोगाची खिचडी कुणी वाढायची, ढाक वाजवणाऱ्या ढाकींशी बोलणी कुणी करायची, विसर्जनाच्या ट्रकवर कोण चढणार, हे त्या-त्या पाड्यात, म्हणजे मोहल्ल्यात, वर्षानुवर्षे ठरत आलेले असते. परक्याला दर्शन मिळते, काम मिळत नाही.

देवी तर एकच, मग आपपरभाव कशाला, असे कुणी म्हणेल. याला इतिहासानेच उत्तर दिले आहे. नागपूरकर भोसल्यांचे बंगालवर स्वारी करून आलेले सेनानी भास्करराम कोल्हटकर यांनी 1742मध्ये काटव्याजवळच्या दाईहाटला थाटात दुर्गापूजा मांडली. देवी बंगालचीच होती, खर्चाचा भार मात्र तिथल्या जमीनदारांवर टाकलेला. नवाब अलिवर्दीखानाने ऐन नवमीला छापा घातला आणि पूजा अर्धीच राहिली. ती पुरी झाली असती, तरी बंगालला ‘बर्गी’, म्हणजे हे मराठे स्वार, आपले वाटले नसते. त्यांच्याच धास्तीने कोलकातेकरांनी खंदक खणला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ हे नाव अजून टिकून आहे. भक्ती समान असली म्हणून माणसे एक होत नाहीत. भार कोण, कसा उचलतो, यावर ते ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खुद्द कोलकातेकरही रात्रभर दुसऱ्यांच्या मंडपांत प्रेक्षक म्हणूनच हिंडतात. खरे आहे, पण ते पहाटे आपल्या पाड्यात परततात, जिथे त्यांची वाट पाहणारे एखादे काम असते. शिवाय हा सार्वजनिक उत्सवच मुळात वगळल्या गेलेल्यांचा. धनिकांच्या वाड्यातल्या पूजेत मान मिळाला नाही, तेव्हा हुगळीच्या गुप्तीपाड्यात बारा मित्रांनी वर्गणी काढून स्वतःची पूजा मांडली, असे सांगतात. त्या ‘बारोयारी’तून, म्हणजे बारा यारांच्या पूजेतून, पुढे सार्वजनिक पूजा आली. आणि मराठी माणसाला बंगालने कधी जवळ केलेच नाही, असेही नाही. सखाराम गणेश देउस्करांनी 1904मध्ये ‘देशेर कथा’ हे पुस्तक बंगालीत लिहिले. स्वदेशीच्या लाटेत बंगाल्यांनी ते डोक्यावर घेतले, कारण देउस्करांनी बंगालचे दुखणे अंगावर घेतले होते. उलट कोलकात्यातल्या हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासातला गणपती मनाला आधार देतो, परकेपण घालवत नाही. ते घालवायचे तर मराठी माणसाने प्रसादाच्या रांगेतून बाहेर पडून वाढप्यांत शिरले पाहिजे. आणि पाड्यानेही त्याच्या हाती पळी दिली पाहिजे. हाच न्याय पुण्या-मुंबईच्या गणेश मंडळांनाही लागू आहे: शेजारच्या बंगाल्याकडून आपण पावती फाडून घेतो, पण मंडप उभारायच्या रात्री त्याला हाक मारतो का?